सरळ केलेली रेघ

शेवटच्या दिवशी काहीतरी वेगळं होईल, असं आत्याला उगाचच वाटलं होतं. मशीन वेगळा आवाज काढेल, नाहीतर निदान थोडा जास्त वेळ तरी लावेल. कोटाचं शेवटचं कापड कापताना आपला हात नाही का आपोआप सावकाश होत! पण मशीनला शेवटाचं काही सोयरसुतक नव्हतं. चोविसाव्या दिवशी ते जसं फिरलं तसंच पंचविसाव्या दिवशी फिरलं, तेवढंच गुरगुरलं आणि तेवढ्याच वेळात गप्प झालं.

"झालं, आत्या. हात खाली घ्या," फुटपट्टी म्हणाला.

फुटपट्टी हे काही त्याचं खरं नाव नव्हे. तो त्या रेडिएशनच्या खोलीतला तंत्रज्ञ. उंच, सडपातळ, मानेपासून टाचेपर्यंत कुठे म्हणून वाक नाही, आणि बोलणंसुद्धा मोजूनमापून. आत्याने पहिल्याच दिवशी मनातल्या मनात त्याचं बारसं करून टाकलं होतं. तोही तिला आत्याच म्हणायचा, कारण बरोबर आलेल्या भाचीने तिला तशी हाक मारलेली त्याने ऐकली होती. तसं तर तिच्या शिवणाच्या दुकानात येणारी सत्तरीची गिऱ्हाइकंही तिला आत्याच म्हणत. भाची तिथे अठरा वर्षं मशीनवर बसत होती आणि दिवसातून पन्नासदा "आत्या!" असं ओरडत होती, लोकांनी दुसरं काय म्हणायचं?

आत्या अठ्ठावन्न वर्षांची. त्यातली चाळीस वर्षं कापडावर खडूने रेघा मारण्यात आणि त्या रेघांवरून कात्री चालवण्यात गेलेली. शिवणं भाचीचं, कापणं आत्याचं. सहा महिन्यांपूर्वी डाव्या स्तनात गाठ निघाली, ती ऑपरेशन करून काढली, आणि मागे काही गाळ राहिला असेल तर तो जळून जावा म्हणून पंचवीस दिवस हे किरण द्यायचे ठरले. आजारपणाची हकीगत एवढीच. आत्या ती कुणालाही एका दमात सांगे आणि लगेच त्यांच्या कोटाच्या कॉलरकडे बघायला लागे.

मुळात बाई भारी चौकस. कुणाच्या घरी गेली तर आधी पडदा उलटा करून आतली शिलाई बघणार, मग बसणार. पहिले दहा दिवस ती मशीनखाली गप्प होती हे खरं, पण त्यानंतर तिने फुटपट्टीला सळो की पळो करून सोडलं. किरणांना वास असतो का? भिंत एवढी जाड कशाला? माझ्यातून आरपार गेलेला किरण पुढे कुठे जातो, आणि तिथे कुणी बसलेलं नसतं ना? फुटपट्टी प्रत्येक प्रश्नाला एका वाक्यात उत्तर द्यायचा. कधी उत्तर माहीत नसलं तर "बघून सांगतो" म्हणायचा, आणि दुसऱ्या दिवशी खरंच सांगायचा. म्हणून तो तिला आवडायचा.

"आता पुढे काय होणार?" टेबलावरून उतरता उतरता तिने विचारलं.

"आणखी दहाबारा दिवस कातडी बिघडत जाईल. मग सुधारायला लागेल."

"म्हणजे मशीन बंद आणि भाजणं चालू?"

"इस्त्री उचलली तरी कापड थोडा वेळ गरम राहतंच ना," फुटपट्टी म्हणाला. पंधरा दिवसांत तो तिच्याशी तिच्या भाषेत बोलायला शिकला होता. "मलम लावा, सैल कपडे घाला. आता साबण लावायला हरकत नाही. रेघा घासून काढू नका, त्या आपोआप जातील."

आत्याने हात जरा उचलून काखेखालची जांभळी रेघ बघितली. ताठ उभ्या सैनिकासारखी रेघ. ती पुसायचं आत्याच्या जिवावर आलं होतं.

आता या रेघेबद्दल सांगायलाच हवं, कारण पुढचा सगळा गोंधळ तिनेच घातला.

पहिल्या दिवशी आत्याला एका कडक फळीवर निजवून, डावा हात डोक्यावर घ्यायला लावून, तिच्या अंगावर खुणा केल्या होत्या. सुईने तीन ठिकाणी शाईचे बारीक ठिपके टोचले, ते कायमचे. मग जांभळ्या पेनाने रेघा मारल्या: एक छातीच्या मधोमध, एक खाली आडवी, एक काखेखाली बाजूने. आणि खुणा करणाऱ्या बाईंनी तीन सूचना दिल्या. रेघांना साबण लावायचा नाही. रेघा चोळायच्या नाहीत. रेघा पुसट झाल्या तर स्वतः नव्याने काढायच्या नाहीत. पहिल्या दोन सूचना आत्याने इमानेइतबारे पाळल्या. तिसरीही तिने ऐकली होती, पण ती आपल्याला उद्देशून आहे असं तिला वाटलंच नाही. ज्यांना रेघ मारता येत नाही अशा लोकांसाठी ती असणार.

दहा दिवस झाले. मधला रविवार आला. आत्या आरशासमोर उभी राहून मलम लावत होती, आणि तिला बाजूची रेघ दिसली. घामाने अर्धी फिकटलेली, आणि जी अर्धी उरली होती ती वाकडी. थोडीथोडकी नाही, चांगली पोट सुटल्यासारखी वाकडी. दुकानात अशी रेघ कुणी मारली असती तर आत्याने त्याला दिवसभर धारेवर धरलं असतं. आणि आता ती वाकडी रेघ खुद्द तिच्या अंगावर, आणि तिच्यावरून म्हणे किरण कापणार!

तिने दुकानातली पोलादी पट्टी आणली. बटणाच्या काजांची जागा दाखवायला भाची वापरते ते जांभळं पेन आणलं. ओल्या बोटाने उरलीसुरली वाकडी रेघ पुसली, आरशात बघत पट्टी अंगाला टेकवली आणि श्वास रोखून एका झटक्यात रेघ ओढली. सुरेख आली. त्या दिवशी, गाठ सापडल्यापासून पहिल्यांदाच, आत्याला बरं वाटलं. इतके महिने सगळे तिच्या अंगाला काहीबाही करत होते. आज तिने स्वतः काहीतरी केलं होतं, आणि नीट केलं होतं.

सोमवारी फुटपट्टी तिच्या कुशीकडे बराच वेळ बघत उभा राहिला.

"आत्या, घरी काही केलंत का?"

"छे! मी काय करणार?"

खोटं तोंडातून निसटून गेलं तेव्हा तिला स्वतःलाच नवल वाटलं. पण चाळीस वर्षांत तिच्या रेघेकडे कुणी बोट दाखवलं नव्हतं, आणि आता या वयात उलटतपासणी? फुटपट्टी "बरं" म्हणाला. आत जाऊन आला. त्या दिवशी जरा वेळ लागला; फोटो घ्यायचाय म्हणाला. आणि त्या दिवसापासून तो मशीन लावण्याआधी थंडगार बोट तिच्या अंगावर तीन ठिकाणी टेकवायला लागला आणि हलक्या आवाजात म्हणायला लागला, "एक, दोन, तीन." मशीनचं काहीतरी मोजमाप असेल, असं आत्याने धरून चाललं.

ती रोज संध्याकाळी रेघेवरून पेन फिरवायची आणि रोज सकाळी टेबलावर चढताना विचारायची, "रेघ हलली नाही ना?"

फुटपट्टी म्हणायचा, "सगळं जागेवर आहे, आत्या."

असे पंधरा दिवस गेले. पंचविसावा दिवस संपला आणि आत्या घरी आली.

घरी आल्यावर तिच्या चौकसपणाला मोकळं रान मिळालं. तिने दोऱ्यांचं शेड कार्ड आणलं, म्हणजे ते लांबलचक पुठ्ठ्याचं पुस्तक, ज्यात दोऱ्याच्या प्रत्येक रंगाचा तुकडा आणि त्याचा नंबर असतो. रोज सकाळी खिडकीच्या उजेडात बसून ती आपली कातडी त्याच्याशी जुळवायची आणि आतून भाचीला ओरडून सांगायची. पहिल्या दिवशी फिकट गुलाबी, बावीस नंबर. तिसऱ्या दिवशी विटकरी, एकतीस. सहाव्या दिवशी बदामी आणि विटकरी यांच्या मधला, ज्याला कार्डात नंबरच नव्हता.

"आत्या, दुखतंय का ते सांग, नंबर नको सांगूस," भाची म्हणायची.

"दुखतंय. पण बघ तर, काखेखाली एकतीस आणि पुढे सव्वीस. एकाच कापडाचे दोन रंग! असं का होत असेल?"

"मळमळतंय मला. तू मलम लाव."

आठव्या दिवशी काखेखाली कातडी सोलायला लागली, तेव्हा मात्र आत्याची रंगांची हौस जरा ओसरली. चटके बसत होते. सैल सदरासुद्धा टोचत होता. पण फुटपट्टीने सांगितलं होतं अगदी तसंच सगळं चाललं होतं, आणि सांगितल्यासारखं होतंय याचा तिला मोठा आधार वाटत होता. अकराव्या दिवशी तिला घरात बसवेना. "नुसती खुर्चीवर बसते, कात्रीला हात लावत नाही," असं वचन देऊन ती दुकानात आली.

खुर्चीवर ती पंधरा मिनिटं बसली. मग ग्रंथपाल आले.

हे जुनं गिऱ्हाईक. गावातल्या वाचनालयात काम, बुटकी मूर्ती, आणि तक्रार ठरलेली: वरच्या फळीवरचं पुस्तक काढायला हात उचलला की कोट वर चढतो आणि आतला शर्ट बाहेर येतो. या वेळी नवा कोट शिवायला टाकला होता, कच्चे टाके घालून तयार होता, आणि आज अंगावर चढवून बघायचा होता. भाचीने बाजूची शिलाई कुठून यायला हवी ते खडूने दाखवलं.

"वाकडी मारलीस," आत्या खुर्चीवरूनच म्हणाली.

"मग तू मार."

आत्या उठली. ग्रंथपालांना ताठ उभं केलं आणि बाहीच्या मुंढ्यापासून खालपर्यंत खडूची एक रेघ मारली. सरळ. भाचीने तोंड वाकडं केलं.

"आता असा हात करतो, मग बघा," ग्रंथपाल म्हणाले, आणि वरच्या फळीवरचं न दिसणारं पुस्तक काढल्यासारखा त्यांनी डावा हात डोक्यावर नेला.

कोट वर चढला. आणि त्याबरोबर ती सरळ रेघही वर चढली, मधोमध फुगली, एका बाजूला कलली. मघाशी भाचीने मारलेली वाकडी रेघ तिच्या शेजारीच होती. हात वर गेल्यावर ती सुतासारखी सरळ दिसत होती.

आत्याच्या हातातला खडू खाली पडला.

"काय झालं?" भाचीने विचारलं.

"काही नाही. त्यांना सांग, उद्या या."

ग्रंथपाल बिचारे गोंधळून कोट काढून निघून गेले. आत्याने दुकानाचं दार लावून घ्यायला सांगितलं, कापायच्या टेबलावरचं सगळं कापड बाजूला सारलं आणि त्या टेबलावर ती चक्क आडवी झाली. सदरा वर केला. डावा हात डोक्यावर घेतला, जसा ती पंचवीस दिवस घेत होती तसा.

"रेघ बघ," ती म्हणाली. "सरळ आहे का?"

भाची वाकली. "नाही गं. वाकडी आहे. मध्ये फुगलीय."

"किती?"

"इथे दोन बोटं. का? त्यांनी वाकडी काढली होती?"

"त्यांनी सरळ काढली होती," आत्या छताकडे बघत म्हणाली. "मी निजलेली असताना. हात वर असताना. मी उभी राहून आरशात बघितलं, म्हणून मला ती वाकडी दिसली. मग मी ती सरळ केली."

भाचीने कपाळाला हात लावला. "तू रेघ मारलीस? अंगावर? आत्या, त्या बाईंनी माझ्यासमोर सांगितलं होतं, स्वतः काढू नका म्हणून! मी तिथेच उभी होते!"

"ते मला वाटलं, दुसऱ्यांसाठी आहे."

"दुसऱ्यांसाठी? ऐकायला आपण दोघीच होतो!"

आत्या मनातल्या मनात हिशोब करत होती. दहा दिवस किरण पडले असतील बरोबर. पण उरलेले पंधरा दिवस? मशीन त्या रेघेवरून लावलं असेल, तर दोन बोटं बाजूला पडले. दोन बोटं म्हणजे केवढी गोष्ट, हे तिच्याइतकं कुणाला माहीत होतं! दोन बोटं चुकली तर कोटाची बाही फुकट जाते. आणि इथे तो गाळ, जो जाळायचा होता, तो कदाचित तिथेच सुखाने बसला असेल, आणि जळलं भलतंच. मरणाची भीती तिला ऑपरेशनच्या वेळीही वाटली होती, पण ती भीती वेगळी होती. ती वरून आलेली होती. ही तिने स्वतःच्या हाताने, पट्टी लावून आखली होती.

"कातडीवरून कळेल," ती एकदम म्हणाली. "जिथे किरण पडले तिथे रंग बदलला असणार. काठ कुठे आहे तो बघ. रेघेपाशी आहे, की आत?"

भाचीने दिवा जवळ ओढला. बराच वेळ बघितलं. "काठच नाहीये गं. ठिकठिकाणी सोललंय. विटकरी, बदामी, काळपट, सगळं एकात एक मिसळलंय."

"एकतीस नंबर कुठपर्यंत आहे?"

"आत्या, पुरे झाले तुझे नंबर!" भाची ओरडली आणि तिने तोंड फिरवलं. मग ती नाक ओढत म्हणाली, "तीन ठिपकेही आहेत ना? त्यांचं काय?"

"ठिपक्यांचं काय असणार? ठिपके बटणाला, रेघ कापायला," आत्या म्हणाली. तिच्या धंद्यात तसंच होतं, आणि तिला दुसरा धंदा माहीत नव्हता.

तपासणीला अजून महिना होता. भाची म्हणत होती, फोन करू. आत्याला फोन नको होता. फोनवर विचारलं तर कुणीतरी गोड आवाजात "काळजी करू नका" म्हणेल, आणि त्या उत्तराची आतली शिलाई तिला बघता येणार नाही. तिला समोरासमोर विचारायचं होतं. पण समोरासमोर विचारायचं म्हणजे आधी कबूल करायचं, की मी खोटं बोलले. यातलं जास्त जड काय, हे ती संध्याकाळभर ठरवत बसली, आणि शेवटी ठरलं ते एकाच गोष्टीमुळे. माहीत नसलेली गोष्ट तशीच सोडून देणं तिला जन्मात कधी जमलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी दोघी दवाखान्यात हजर. खिडकीपाशी भाची पुढे झाली आणि घाईघाईत म्हणाली, "फुटपट्टी आहेत का?"

"कोण?" खिडकीतल्या बाईने विचारलं.

"फुटपट्टी. म्हणजे ते उंच. रेडिएशनवाले." भाची लालबुंद झाली. घरी तेच नाव ऐकून ऐकून तिला खरं नाव आठवेचना.

मागून आवाज आला, "मी फुटपट्टी का?"

तो हातात फायली घेऊन उभा होता. आत्याने विचार केला, कबूलच करायचंय तर सगळं एकदमच करावं. "हो, तुम्हीच," ती म्हणाली. "मी ठेवलंय ते नाव. आणि आणखी एक सांगायचंय. ती बाजूची रेघ मी काढली. तुम्ही विचारलंत तेव्हा मी खोटं बोलले. ती मी उभी राहून काढली, आणि निजल्यावर ती दोन बोटं चुकते, हे मला काल कळलं. तर पंधरा दिवस किरण कुठे पडले ते मला सांगा. खरं सांगा. मला बघायचंय."

फुटपट्टीने फायली खिडकीत ठेवल्या. "या," म्हणाला.

तो दोघींना आतल्या छोट्या खोलीत घेऊन गेला, संगणकासमोर बसवलं आणि आत्याची नोंद उघडली. दिवसवार ओळी होत्या. त्याने अकराव्या दिवसावर बोट ठेवलं आणि वाचून दाखवलं.

"बाजूची रेघ रुग्णाने स्वतः काढलेली दिसते. ठिपक्यांशी जुळत नाही. रेघ धरू नये. ठिपक्यांवरून जागा लावली. फोटो घेऊन पडताळली. डॉक्टरांना दाखवली."

आत्याने मान पुढे काढली. खालची ओळ: बारावा दिवस, ठिपक्यांवरून. तेरावा दिवस, ठिपक्यांवरून. ती पडद्यावर बोट टेकवून एकेक ओळ मोजत खाली गेली. पंचवीसपर्यंत. मध्ये एकही ओळ सुटली नव्हती.

"म्हणजे रेघ...?"

"रेघ आम्हाला चटकन दिसावी म्हणून असते. ती पुसते, हलते. खरी जागा ठिपक्यांची. ते कातडीत आहेत, आणि तुम्ही निजलात की तेही निजतात."

"ते एक, दोन, तीन...?"

"ते तुमचे ठिपके. मी रोज मोजत होतो."

आत्याचा जीव भांड्यात पडला. इतक्या जोरात पडला की तिला हुंदका आला, आणि मग तिला थांबवता येईना. इतक्या महिन्यांत ती कुणासमोर रडली नव्हती. आता एका फुटपट्टीसमोर रडत होती आणि तिला त्याची लाजही वाटत नव्हती. भाचीने तिच्या हातात रुमाल कोंबला आणि स्वतः ओढणीने डोळे पुसले.

पण बाई चौकस ती चौकसच. नाक पुसून होतंय न होतंय तोच तिने विचारलं, "मग तुम्ही ती पुसली का नाही? आणि मला बोलला का नाहीत? चुकीची रेघ अंगावर घेऊन मी पंधरा दिवस मिरवत होते!"

"कातडी नाजूक झाली होती. पुसायला गेलो असतो तर सोलली असती."

"हे एक झालं. दुसरं?"

फुटपट्टीचं हे उत्तर एका वाक्यात मावणारं नव्हतं.

"पहिले दहा दिवस तुम्ही टेबलावर चढायचात आणि डोळे घट्ट मिटून घ्यायचात," तो म्हणाला. "हात थरथरायचा. मला दोनदा मशीन थांबवावं लागलं होतं, तुम्हाला आठवत नसेल. अकराव्या दिवशी तुम्ही ती रेघ घेऊन आलात आणि डोळे उघडे ठेवलेत. आणि विचारलंत, किरणांना वास असतो का. हात अजिबात हलला नाही. मी डॉक्टरांना म्हणालो, रेघ राहू दे. आपल्याला ती लागत नाही, त्यांना लागतेय." मग त्याने घसा साफ केला. "तरी तुम्हाला सांगायला हवं होतं. ते माझं चुकलं. असा घोर लागेल असं वाटलं नाही."

आत्या रोज विचारायची, रेघ हलली नाही ना. आणि हा रोज म्हणायचा, सगळं जागेवर आहे. त्याने एकदाही खोटं सांगितलं नव्हतं, आणि एकदाही रेघेचं नाव घेतलं नव्हतं.

"रेघ सरळ होती मात्र," ती शेवटी म्हणाली.

"अप्रतिम होती. मला तशी येत नाही." फुटपट्टी उठला. "तुमच्यानंतर इथे एक बदल झालाय. आता पहिल्याच दिवशी आम्ही सगळ्यांना कामधंदा विचारतो. सुतार, गवंडी, शिंपी कुणी असेल, तर रेघ काढू नका हे दोनदा सांगतो."

"दोनदा सांगून काय होणार?" भाची म्हणाली. "लिहून घ्या त्यांच्याकडून."

त्या दुपारी आत्या दुकानात गेली आणि खुर्चीवर बसून तिने ग्रंथपालांना निरोप पाठवला. ते आले तेव्हा तिने भाचीच्या हातात खडू दिला. "त्यांना हात वर करू दे," ती म्हणाली, "आणि मग मार. मारताना मी वाकडी म्हणाले तर माझं ऐकू नकोस." भाचीने हे वाक्य तिच्याकडून दोनदा वदवून घेतलं.

रेघ लगेच गेली नाही. आत्याने तिला घासलं नाही. फक्त रोज आंघोळीला साबणाचा फेस हलकेच फिरवायची. ती रोज थोडी फिकट व्हायची, आणि मग दवाखान्यातून आल्यानंतरच्या आठव्या दिवशी, सोललेल्या कातडीच्या शेवटच्या पापुद्र्याबरोबर निघून गेली. आत्या शेड कार्ड घेऊन खिडकीत बसली. खालून आलेल्या कातडीचा रंग तिने बावीसशी लावून बघितला, एकवीसशी बघितला, मागच्या पानावरच्या सगळ्या गुलाबी रंगांशी बघितला. एकही जुळेना.

"हा नंबर कार्डात नाही गं," ती आतून ओरडली.

"नवीन असेल," भाची बाहेरून म्हणाली.

आत्याने कार्ड मिटलं. मग ती पलंगावर आडवी झाली, डावा हात डोक्यावर घेतला आणि उजव्या हाताचं बोट अंगावर फिरवत शोधायला लागली. ठिपके बोटाला लागत नाहीत, डोळ्यांनीच बघावे लागतात, म्हणून तिने मान उचलून नीट बघितलं. एक, दोन, तीन. सगळं जागेवर होतं.